भाकरी बंद केल्यापासून स्क्वॉट उतरलाय. ताकदीच्या व्यायामाला कार्ब खायचे का नाही?

सेलूकर

रामराम मंडळी. मी सेलूचा, परभणी जिल्हा. वय २६, उंची पाच फूट आठ, वजन सध्या ७४. दिवसभर खत-बियाणाच्या दुकानात कामाला असतो, ५० किलोच्या गोण्या चढवणं-उतरवणं चालूच असतं. संध्याकाळी ६ ला जिम, आठवड्यातून चार दिवस. एकदा तरी पॉवरलिफ्टिंगची जिल्हा स्पर्धा खेळायची इच्छा आहे.

दिवाळीनंतर जिममधल्या ट्रेनरनं डाएट लिहून दिला. सकाळी अंडी, दुपारी पनीर नाहीतर चिकन आणि काकडी, व्यायामानंतर व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर), रात्री परत अंडी. भाकरी, भात, गूळ, केळी सगळं बंद. म्हणाले, कार्ब खाल्लं की चरबीच होते. पहिल्याच आठवड्यात वजन तीन किलो उतरलं, तेव्हा वाटलं बरोबर चाललंय.

आता मात्र गाडी अडकलीय. आधी स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक मारताना, १२० किलोवर पाच-पाचचे सेट निघायचे. आता ११० वरच तिसऱ्या सेटला पाय थरथरायलेत. पहिला सेट बरा जातो, दुसरा कसाबसा निघतो, तिसऱ्याला खाली बसलो की वर येववत नाही. दुपारी चारच्या सुमाराला दुकानात गोणी धरली तरी अंगात काही उरलं नाही असं वाटतं. चिडचिड लै वाढलीय. आई रोज तव्यावरची गरम भाकरी पुढं करती आणि मी नको म्हणतो, ते तिला फार लागतंय.

खरं सांगा, ताकदीच्या व्यायामाला कार्ब लागतात का? लागत असतील तर किती? ज्वारीची भाकरी चालंल का भातच पाहिजे? आणि रात्री खाल्लं तर पोट सुटतं म्हणतात ते खरं का?

गोदाकाठची नांदेडकर

दादा, मी स्वतः बारबेल उचलते, त्यामुळं तुमचं ते तिसऱ्या सेटचं वर्णन ओळखीचं वाटलं. माझ्या सासूबाईंच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दुपारी पोटभर खाल्ली की संध्याकाळचा सराव नीट होतो. ज्या दिवशी ऑफिसच्या गडबडीत जेवण हुकतं त्या दिवशी वॉर्मअपलाच बार जड लागतो. आईची भाकरी घ्या. बाकीचं शास्त्र अंबाजोगाईचे सर सांगतील, ते इथं असतात.

अंबाजोगाईचा क्रीडाशिक्षक

सेलूकर, वयानं तू माझ्या विद्यार्थ्यांएवढा, म्हणून अरे-तुरे करतो. मी शाळेत खेळ शिकवतो आणि संध्याकाळी तालमीला लागून असलेल्या खोलीत पोरांकडून लोखंड उचलून घेतो. तुझ्यासारखी तक्रार घेऊन येणारी पोरं मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांच्या ताटातून भाकरी काढून घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला सेट बरा आणि तिसऱ्याला पाय संपले, यातच तुझं उत्तर आहे. जड वजनाच्या पहिल्या काही सेकंदांत स्नायू त्याच्याजवळच्या क्रिएटिन फॉस्फेटवर, म्हणजे झटपट ताकद देणाऱ्या छोट्या साठ्यावर, चालतो. तो साठा दहा-एक सेकंदांत बराचसा उतरतो. पाच रेपचा, म्हणजे सलग पाच बैठकांचा, जड सेट वीस-पंचवीस सेकंद चालतो, आठ-दहा रेपचा त्याहून जास्त. तिथून पुढचा भार ग्लायकोजेनवर येतो. भाकरी-भातातला स्टार्च पचून त्याची साखर होते, आणि ती शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. मोठ्या माणसाच्या स्नायूंत मिळून साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम, एवढाच हा साठा. अंगावर चरबी कित्येक किलो असली तरी ती जाळायला ऑक्सिजन लागतो आणि वेळही लागतो. स्क्वॉटमध्ये खालून वर येताना तेवढी सवड नसते.

जड व्यायामाच्या एका सत्रात, ज्या स्नायूंनी काम केलं त्यांच्यातलं पाव ते दोन-पंचमांश ग्लायकोजेन खर्च होतं. तू हे आठवड्यातून चार वेळा करतोस, वर दिवसभर गोण्या. कणगीतून रोज दाणे काढायचे आणि सुगीला त्यात काही भरायचंच नाही, असं तुझं चाललंय.

आता ते तीन किलो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी साठून राहतं. साठा रिकामा झाला की हे पाणीही जातं, म्हणजे दीड-दोन किलो तर तिथंच उतरले. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे कमी दिसलं त्यात चरबीचा वाटा थोडाच असणार. भाकरी परत सुरू केलीस की काटा किलो-दीड किलोनं वर जाईल. तेव्हा घाबरून परत बंद करू नकोस, तो भरलेला साठा आहे.

ही गोष्ट सिद्ध कशी झाली ते माझ्या पोरांना मी नेहमी सांगतो, कारण ऐकल्यावर ती विसरत नाहीत. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोघांनी प्रयोग स्वतःवरच केला. एकच व्यायामाची सायकल, दोघं दोन बाजूंना, आणि प्रत्येकानं एकाच पायानं पॅडल मारायचं. एक पाय पार दमेपर्यंत चालवला, दुसऱ्याला पूर्ण विश्रांती. मग सुईनं दोन्ही मांड्यांतला स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं. पुढं तीन दिवस भरपूर कार्ब खाल्ले आणि रोज तपासत राहिले. दमवलेल्या पायात साठा नुसता भरला नाही, आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला. माणूस तोच आणि जेवणही तेच होतं. ज्या स्नायूनं काम केलं त्यानंच ते ओढून घेतलं. तुझ्या मांड्या आज तशाच भुकेल्या आहेत.

आता किती खायचं ते. ताकदीचा व्यायाम नेमानं करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागं साधारण ४ ते ५ ग्रॅम कार्ब पुरतात. तुझ्या ७४ किलोला ३०० ते ३७० ग्रॅम झाले. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या घरातल्या हिशोबात बसव. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६८ ग्रॅमच्या आसपास कार्ब आणि १० ग्रॅम प्रथिनं असतात. आपल्याकडची चांगली थापलेली भाकरी ९० ग्रॅम पिठाची धर, म्हणजे एका भाकरीत ६० ग्रॅम कार्ब. दिवसात तीन भाकरी झाल्या की १८०. एक वाटीभर कोरडा तांदूळ, ६० ग्रॅमचा, त्याचे ४५. दोन वेळचं वरण मिळून ६० ग्रॅम तुरीची डाळ, तिचे तीस-एक. दोन केळी ५०. अर्धा लिटर दूध पंचवीस. झाले ३३०. यात बाजारातून आणलेला एकही डबा नाही.

पण हेच ताट प्रथिनांच्या बाजूनं मोज. भाकरी २७, भात ५, डाळ १३, दूध १८, केळ्यांचे दोन. ६५ झाले. तुला लागतात किलोमागं १.६ प्रमाणे १२० च्या आसपास. खड्डा इथं आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथंच आहे. आपल्या मराठवाड्यातल्या पोराच्या ताटात भाकरी कधीच जास्त नव्हती, तिच्या शेजारची वाटी रिकामी होती. ट्रेनरनं शेजारची वाटी भरली ते चांगलंच केलं, पण भाकरी उचलून नेली. तू अंडी ठेव, चार अंडी २४ देतात. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या २६ देतात, आणि सोयाबीन तर आपल्याच मातीतलं पीक आहे. मूठभर शेंगदाणे सात. भरला खड्डा. व्हे परवडत असेल तर घे, नाही घेतलं तरी काही बिघडत नाही.

ज्वारी का भात, हे वेळेवर ठरव. ज्वारीत तंतू भरपूर, सावकाश पचते, बराच वेळ पोटाला धरून राहते. त्यामुळं दुपारी एकला दोन भाकरी, घट्ट वरण आणि पालेभाजी खाल्लीस तर सहाच्या व्यायामाला ती अगदी जागेवर लागेल. ज्वारीतली प्रथिनं शिजल्यावर पचायला जरा जड होतात आणि त्यांच्यात लायसिन (प्रथिनांचा एक गरजेचा घटक) कमी असतं. डाळीत ते चांगलं असतं, म्हणून भाकरी आणि वरण बरोबरच पाहिजे. साडेचार-पाचला हलकं काहीतरी: दोन केळी, नाहीतर ताटलीभर सुशीला. आपल्याकडं चुरमुरे भिजवून करतात ती. तेल कमी, दाण्याचं कूट थोडंच घालायला सांग. त्या वेळेला धपाटे-भाकरी खाल्लीस तर स्क्वॉटला खाली बसल्यावर पोटात गोळा येईल. रात्री घरी येऊन जे आहे ते नीट जेव. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात खाल्लं नाही तर वाया गेलं, असं काही नाही. दिवसातून एकदाच व्यायाम करणाऱ्याचा साठा पुढच्या चोवीस तासांत नेहमीच्या जेवणातून भरतो. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मेहनत करणाऱ्या पैलवानाला मात्र घाई असते. त्यानं मेहनत संपली की लगेच भात, केळी, गूळ-दूध असं पटकन पचणारं घ्यावं.

रात्रीच्या भाकरीनं पोट सुटत नाही. दिवसभराचं एकूण खाणं खर्चापेक्षा जास्त झालं तर सुटतं, मग ते सकाळी खाल्लेलं असो की रात्री.

आणि आईला आजच सांग.

वाळूज शिफ्टवाला

सरांनी लिहिलंय ते बरोबर, पण सगळ्यांना एकच माप लावू नका अशी माझी विनंती आहे. मी कंपनीत फिरत्या पाळीत काम करतो. भात-भाकरी अगदी कमी करून मला बराच काळ झाला, वजन आटोक्यात आलं आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) १८० किलोवरून खाली आलेला नाही. तीन पाळ्यांत जेवणाच्या वेळा सांभाळताना मला हेच सोपं पडतं, भूकही कमी लागते. मग माझं कसं चालतंय?

अंबाजोगाईचा क्रीडाशिक्षक

वाळूजकर, तुमचं चालतंय कारण तुम्ही बहुतेक एक-दोन-तीन रेप काढून चार-पाच मिनिटं बसत असाल. तेवढं काम क्रिएटिन फॉस्फेटवर निभतं आणि मधल्या विश्रांतीत ते परत भरतं. कमी कार्बवर एका रेपची कमाल ताकद बऱ्याच जणांची टिकते, हे खरं आहे. अडचण येते ती जास्त सेट, जास्त रेप आणि स्नायू वाढवणं यात. तुमचं उद्दिष्ट वजन आटोक्यात ठेवण्याचं होतं, ते साधलंय, तुम्ही बदलू नका. सेलूकर पाच-पाचचे सेट काढतो, वर गोण्या उचलतो, आणि त्याला अजून अंग भरायचंय. त्याला हे माप पुरणार नाही.

एक मात्र बघा. रात्रपाळीच्या आठवड्यात आठ-दहा रेपचे सेट लावून बघा आणि आधी दोन केळी खा. फरक वाटला तर इथं लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

जालना बाजारपेठ

सर, माझं वय ४८. काही वर्षांपासून मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मुलगा जिमला नेतो म्हणतो. घरात मात्र सगळे म्हणतात भाकरी एकच खा, ज्वारीचीच खा. मी वजन उचललं तर भाकरी वाढवायची का? मोकळेपणानं सांगा.

धाराशिवची औषधवाली

काका, मी फार्मसीत काम करते म्हणून हे मी लिहिते. वजन उचलणं तुमच्यासाठी फार चांगलं आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो, आणि व्यायामानंतर काही तास ते चालू राहतं. अंगावर स्नायू जितका जास्त, तितकी जेवणानंतरच्या साखरेला जायला जागा जास्त.

पण सरांनी सेलूकरला सांगितलेला हिशोब तुम्ही स्वतःला लावू नका. आधी तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी. ग्लिमेपिराइड किंवा तशा जातीची गोळी असेल, नाहीतर इन्सुलिन चालू असेल, तर व्यायामात किंवा नंतर रात्री साखर धोकादायक उतरू शकते. जिम सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. व्यायामाच्या आधी आणि नंतर ग्लुकोमीटरवर बघा. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर असू द्या, आणि हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यापुढं अंधारी आली की थांबून लगेच खा.

भाकरीबद्दल एवढंच, की आधी भाजी, वरण, दही असं खाऊन घ्या आणि भाकरी शेवटी घ्या. त्या क्रमानं जेवलं की जेवणानंतरची साखर कमी उसळते. ज्वारी असो की बाजरी, तीही साखरच देते, फक्त गव्हाच्या मैद्यापेक्षा सावकाश. चार भाकरी ज्वारीच्या म्हणून चालतात असं काही नसतं.

अंबाजोगाईचा क्रीडाशिक्षक

ताई, फार मोलाचं लिहिलंत. जालनेकर काका, ताईंनी सांगितलंय तेच पक्कं धरा. सुरुवात खुर्चीवरून उठ-बस आणि रिकाम्या बारनं करा, मुलाला शेजारी उभं राहू द्या.

सेलूकर

सर, ताई, सगळ्यांचे आभार. परत आलो ते सांगायला. भाकरी सुरू केली. दुपारी दोन, रात्री एक, वर भात, संध्याकाळी जिमला निघायच्या आधी केळी. वजन सव्वा किलोनं वाढलं, सर म्हणले तसंच. ट्रेनर म्हणाले पाणी धरलंय. मी म्हणलं, तेच पाहिजे होतं. स्क्वॉट ११५ वर तीनही सेट पाच-पाचचे निघाले, आणि तिसऱ्या सेटनंतर मी आपल्या पायानं पाणी प्यायला गेलो. १२० अजून आले नाहीत. दुकानात चारला चहाबरोबर बिस्कीट खायची सवय होती, ती आता लागत नाही.

आईनं हुरड्याच्या दिवसांत भाऊजींच्या शेतावर जायचं ठरवलंय, तिथं आडवा हात मारणारच.

दोन प्रश्न राहिले सर. आमच्याकडं मी आणि आई संकष्टी धरतो, चंद्र निघेपर्यंत भाकरी नाही. त्या दिवशी स्क्वॉट आला तर काय करू? आणि उन्हाळ्यात इथं पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा जेवणच जात नाही. तेव्हा कार्ब कुठून आणायचे?

अंबाजोगाईचा क्रीडाशिक्षक

शाब्बास. १२० येतील, घाई करून दर आठवड्याला वजन चढवू नकोस. एक आठवडा ११५ वरच राहा, मग अडीच किलो वाढव. आणि हुरडा पोटभर खा. दाणा हिरवा असतो, त्यातल्या साखरेचा अजून सगळा स्टार्च झालेला नसतो, म्हणून तो गोड लागतो. शेंगदाण्याची चटणी आणि दही बरोबर घे.

उन्हाळ्यात घट्ट जेवण जात नसेल तर पिऊन घे. आपल्याकडं वेळ अमावास्येच्या सणाला करतात ती अंबील उन्हाळ्यातही करता येते: ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवायचं, मीठ-लसूण घालायचं. त्यात पाणी, मीठ आणि कार्ब तिन्ही आले. दुपारी दोन वाट्या अंबील, साडेचारला कलिंगड किंवा केळी, आणि दुधात गूळ नाहीतर खजूर. व्यायाम शक्य असेल तर सकाळी सहाला हलव. तसं केलंस तर आदल्या रात्रीचा भात हाच तुझा व्यायामाआधीचा खुराक, सकाळी एक केळं पुरे.

संकष्टीला स्क्वॉट नको. महिन्यातून एक दिवस आहे, कॅलेंडरमध्ये आधी बघून पायांचा दिवस पुढं ढकल, त्याचं काही नुकसान नाही. व्यायाम करायचाच असेल तर वरच्या अंगाचा हलका कर. दुपारी रताळं उकडून आणि भगर-शेंगदाण्याची आमटी, सोबत वाटीभर दही, असा फराळ कर. साबुदाण्यात स्टार्च भरपूर पण प्रथिनं जवळपास नाहीतच, आणि खिचडीत तेल-तूप बरंच जातं, म्हणून ती थोडीच. चंद्रोदय उशिरा असतो, तेव्हा रात्री वरण-भात आणि एक भाकरी असं जेवून झोप. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण चुकवू नकोस, मग संध्याकाळी स्क्वॉटला उभा राहा.